मदत हवी आहे: गव्हर्नर बदलला तरी वॅट हलत नाहीत

खटपट्या
लिनक्सवर सीपीयू फ्रिक्वेन्सी स्केलिंगने (प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करून) लॅपटॉपची किती वीज वाचते ते मोजायचंय. परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह असे दोन्ही गव्हर्नर (वेग कसा ठेवायचा ते ठरवणाऱ्या सेटिंग) लावून बघितले, रीडिंग सारखंच येतंय. सोमवारी सबमिशन आहे, सरांना आलेख हवाय आणि त्यात ४०% तरी बचत दिसायला हवीय म्हणे. काय करू? 'गूगल कर' म्हणू नका, करून झालंय.

निशाचर_नगरकर
कुठला प्रोसेसर? रीडिंग कशावर घेतलं? चार्जर लावलेला होता का? ताप किती ते न सांगता गोळी मागताय.

शेवग्याची_शेंग
विंडोज टाका, बॅटरी सेव्हर चालू करा. विषय संपला.

खटपट्या
इंटेल आय५, आठवी पिढी, १५ वॅटवाला. लिनक्स मिंट आहे. सॉकेटला लावायचा वॅटमीटर मित्राकडून आणलाय, त्यावर बघतोय. विंडोज नकोय.

निशाचर_नगरकर
म्हणजे चार्जर लावूनच. मग त्या मीटरवर प्रोसेसरबरोबर बाकी सगळंही दिसणार: अडॅप्टरमध्ये गरम होऊन जाणारी वीज, स्क्रीन, शिवाय बॅटरी भरत असेल तर तिचं चार्जिंग. चार्जर काढा आणि बॅटरीलाच विचारा. सिस्टमच्या पॉवर_सप्लाय फोल्डरात बॅट० खाली पॉवर_नाऊ नावाची फाईल असते, आकडा मायक्रोवॅटमध्ये. काही लॅपटॉपांत ती नसते, तिथे करंट_नाऊ आणि व्होल्टेज_नाऊ यांचा गुणाकार करायचा. दोन्ही मायक्रोमध्ये, तेव्हा शून्यं सांभाळा.

घरचा_इंजिनियर
एवढं कशाला? टीएलपी टाका, बॅटरी वाचवणारा प्रोग्राम आहे. माझी बॅटरी दीडपट टिकायला लागली.

निशाचर_नगरकर
त्यांना वाचवायचं नाहीये, मोजायचंय! टीएलपी असेल तर उलट आधी बंद करा. चार्जर काढला की तो आपल्या सेटिंग लावतो, हाताने लावलेलं पुसलं जातं आणि तुम्ही मोजता भलतंच.

घरचा_इंजिनियर
मी अनुभव सांगितला. इथे अनुभवाला किंमत नाही हे माहीत नव्हतं.

सुमनताई
अवांतर: माझ्या लॅपटॉपचं टचपॅड वर उचललं गेलंय, बॅटरी फुगली असेल का? चार्जिंग होतंय व्यवस्थित.

वायरमन_दादा
ताई, आत्ताच्या आत्ता बंद करा, चार्जर लावू नका, दाबून तर अजिबात बसवू नका. बदलून घ्या.
मूळ प्रश्नाबद्दल: वीज ही फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबाने जाते. फ्रिक्वेन्सी उतरली की व्होल्टेजही उतरतं, म्हणून बचत व्हायलाच हवी. मोजताना लॅपटॉपवर काय चालू होतं?

खटपट्या
काहीच नाही. नुसता डेस्कटॉप. दुसरं काही चालू ठेवलं तर रीडिंग बिघडेल ना?

वायरमन_दादा
घ्या! पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना राव. काम नसलं की प्रोसेसरचे कोअर सी-स्टेटमध्ये, म्हणजे कमी विजेच्या अवस्थेत, जाऊन झोपतात. झोपलेल्या कोअरला गव्हर्नर कुठलाही असो, काय फरक पडतो?

निशाचर_नगरकर
+१. आणि पूर्ण लोड टाकलात तरी दोन्ही गव्हर्नर टर्बोवर (नेहमीच्या वेगाच्याही वर) जाऊन प्रोसेसरच्या वीज-मर्यादेला टेकणार, तिथेही रेघ सारखीच. वेग हाताळणाऱ्या इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमधला पॉवरसेव्ह नावापुरता. तो तळाला बसून राहत नाही, लोड बघून वरखाली करतो. जुन्या एसीपीआय ड्रायव्हरचा पॉवरसेव्ह मात्र खालच्या फ्रिक्वेन्सीला बांधून ठेवतो. आलेखात फरक हवा असेल तर नो_टर्बो १ करून, म्हणजे टर्बो बंद करून बघा.

वायरमन_दादा
टर्बो बंद केला की काम लांबतं. तेवढा वेळ स्क्रीन, रॅम, वायफाय जळतच राहणार. त्यापेक्षा झटकन उरका आणि झोपा, हेच स्वस्त.

निशाचर_नगरकर
हे सरसकट खरं नाही. टर्बोच्या टोकाला थोड्या वेगासाठी व्होल्टेज फार चढतं, वर्गाचं गणित तुम्हीच मांडलंत वर.

वायरमन_दादा
मांडलं, पण बॅटरी अख्ख्या लॅपटॉपची असते, एकट्या प्रोसेसरची नाही.

आकडेमोड
दोघेही वॅटवर भांडताय, भांडण वॅट-अवरवर, म्हणजे कामाला लागलेल्या एकूण विजेवर हवं. तेच काम, तोच ब्राइटनेस, वायफाय बंद. आधी आणि नंतर एनर्जी_नाऊ (बॅटरीत उरलेली वीज, त्याच बॅट० फोल्डरात) वाचा. काम अर्धा तासभर चालणारं घ्या, बॅटरीचा आकडा पुष्कळ लॅपटॉपांत सावकाश बदलतो. शेजारी टर्बोस्टॅट या कमांडवर पॅकेज वॅटही (अख्ख्या प्रोसेसर चिपचे) बघा, म्हणजे प्रोसेसर वेगळा आणि लॅपटॉप वेगळा दिसेल. सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क) लागेल. प्रोसेसरमधले हे वीज मोजणारे काउंटर इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून आहेत. पण वीजवापरावरून गुप्त किल्ल्या काढता येतात हे २०२० मध्ये प्लॅटिपस हल्ल्याने दाखवलं, तेव्हापासून साध्या युजरला ते वाचू देत नाहीत.

शेवग्याची_शेंग
८ तास रोज, ३ वॅट वाचले असं धरलं तरी महिन्याला पाऊण युनिट सुद्धा नाही. बिलात चहाचे पैसे निघणार नाहीत.

आकडेमोड
बिलाचं कोणी विचारलंय?

खटपट्या
केलं. एकच व्हिडिओ एन्कोड, बॅटरीवर.
टर्बो चालू: २० मिनिटं, पॅकेज सरासरी १५ वॅट, बॅटरीतून ६.७ वॅट-अवर.
टर्बो बंद: ३० मिनिटं, पॅकेज ८ वॅट, बॅटरीतून ६.५.
आता हे काय? प्रोसेसरचे वॅट निम्म्यावर आले आणि बॅटरीला पत्ताच नाही. सरांना ४०% कुठून देऊ?

आकडेमोड
पॅकेजचे ५ वॅट-अवरवरून ४ झाले, म्हणजे प्रोसेसरची बचत २०%. उरलेले ५ वॅट स्क्रीन वगैरेचे, ते दहा मिनिटं जास्त चालले आणि बचत खाऊन बसले. उत्तम निकाल आहे, हाच द्या. जोडीला ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघण्याचं रीडिंग घ्या. तिथे टर्बो असो-नसो वेळ तेवढाच लागतो, त्यामुळे बचत दिसलीच तर ती स्क्रीन खाणार नाही. ४०% मात्र डोक्यातून काढा.

वायरमन_दादा
बघा, मी म्हणत होतो.

निशाचर_नगरकर
काय म्हणत होता? २०% वाचले ते वाचले ना?

सुमनताई
लॅपटॉप बंद केला. बॅटरी ओरिजिनलच घ्यायची का बाजारातली चालेल? हजार-दीड हजाराचा फरक आहे.

खटपट्या
व्हिडिओचं उद्या घेतो, चार्जिंग संपलं. आलेखाच्या वाय-अक्षावर वॅट-अवर घेऊ की ज्यूल?

आकडेमोड
ज्यूल. एका वॅट-अवरचे ३६०० होतात, आकडे भरगच्च दिसतील. आणि अक्ष शून्यापासूनच सुरू करा, नाहीतर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येईल.