रात्रीचा खोकला जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. आमच्या ह्यांचं वय 54. गेले नऊ आठवडे दिवसा बरे असतात, पण रात्री पाठ टेकली की कोरडा खोकला सुरू. उठून बसले की जरा थांबतो. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, सिगरेट कधीच नाही. क्षयाची शंका नको म्हणून थुंकी आणि छातीचा एक्स-रे करून घेतला, काही निघालं नाही. ज्येष्ठमध, हळद-दूध, तीन बाटल्या सिरप, सगळं झालं.

माझा पहिला संशय सराफ्यावर, म्हणजे आमच्या इथल्या रात्रीच्या खाऊबाजारावर! रात्री साडेदहाला मित्रांबरोबर गराडू (तळलेला कंद) नि दहीवडे, घरी आलं की लगेच आडवे. छातीत जळजळ नसली तरी पोटातलं आम्ल वर येऊन खोकला होऊ शकतो म्हणे. ह्यांना अर्थातच हे पटत नाही.

दुसरं, दिवाळीपासून रक्तदाबासाठी रामिप्रिल चालू आहे. या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, कधी सुरू केल्यावर काही महिन्यांनीसुद्धा. गोळी मनाने बंद करणार नाही, सोमवारी डॉक्टरांना विचारतेच आहे.

नणंद म्हणते दमा असेल, छातीत सुंई-सुंई झालीच पाहिजे असं नाही. मग फुंकायची ती तपासणी, स्पायरोमेट्री, करावी का? की आधी नाक-घसावाल्यांना दाखवू?

कुणाचा खोकला गोळी बदलून गेला असेल तर किती दिवस लागले, तेवढं जरूर सांगा. घरात कुणाचीच झोप होत नाहीये.