आईला काउन्सेलरकडे नेलं पण तिला ते पटलंच नाही

घाटाखालची: बाबा जाऊन आठ महिने झाले. आई गावी असते, सातारा जिल्ह्यात. झोप नाही, छातीत धडधडतं, म्हणते डोक्यात मुंग्या चालतात. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. पुण्यात एका काउन्सेलरकडे नेलं, बाई चांगल्या होत्या पण निम्मं इंग्लिशमध्ये, आणि सांगितलं काय तर स्वतःसाठी वेळ काढा, घरच्यांना नाही म्हणायला शिका. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, जावेशी भांडायला शिकवायचे पैसे घेतले का गं तिनं? इकडे आत्याचं चाललंय की हे बाहेरचं आहे, देवऋषाला दाखवू. काय करू?

मांडवीकाठ: अगं धडधड, मुंग्या हेच तिचं सांगणं आहे, 'मी उदास आहे' असं आपल्या आया म्हणतात का कधी. आमच्याकडे गोव्यात संगात म्हणून संस्था आहे 1996 पासून, त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांत स्थानिक लोकांनाच ट्रेन करून समुपदेशक केलं, डॉक्टर नव्हेत ते. डिप्रेशनचं लेबल लावण्यापेक्षा टेन्शन म्हणूनच बोलायचं. आणि माणूस आधी काय केलं की बरा असायचा ते थोडं थोडं परत सुरू करून द्यायचं. आई आधी कशात रमायची?

नाना_वाईकर: देवऋषी नकोच. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण आत्याशी वाद घालत बसू नका, आईची ओढाताण होईल. गुजरातेत उनाव्याला मीरा दातार दर्गा आहे तिथे मुजावरच लोकांना आवारातल्या मनोविकार डॉक्टरांकडे पाठवतात, दवा पण आणि दुआ पण. तसं आत्यालाच सोबत न्या, देवीला नारळ फोडा आणि तिथून सरळ डॉक्टरकडे. मराठीत बोलता का हे आधी फोनवर विचारा. जगण्यात राम नाही वगैरे म्हणत असेल तर मात्र थांबू नका, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, टेली मानस 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

घाटाखालची: तसलं काही म्हणत नाही, तरी नंबर सेव्ह केला. @मांडवीकाठ, रोज संध्याकाळी हरिपाठाला जायची. बाबा गेल्यावर बंद झालं, एवढ्यात बाहेर पडलं तर लोक काय म्हणतील म्हणून, आणि खरं सांगायचं तर नको जाऊस म्हणणाऱ्यांत मी पण होते. आत्ता शेजारच्या काकूंना फोन केलाय, उद्या त्या बोलवायला येणारेत.