मदत हवी आहे : लेक लॅनियरवर गळ कशासाठी टाकू?

नमस्कार मंडळी, अटलांटाजवळच्या या लॅनियर तलावावर जाणारे कोणी मासेमारीवाले आहेत का?

गावी कृष्णेच्या काठी बांबूच्या काठीला गळ बांधून मरळ धरलेत, पण इथलं गणितच वेगळं. लायसन्स काढलंय (इथे १६ वर्षांपासून लागतंच). गेले तीन शनिवार किनाऱ्यावरून गांडूळ लावून बसतोय. मिळतात ते सगळे ब्लूगिल, तळहाताएवढे, कल्ल्यामागे काळा ठिपका. माझं लेकरू खूश, पण कालवण काय करणार त्याचं?

मला बास (bass) मासा हवाय. १९३२ साली जॉर्ज पेरीने याच जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ बास काढला होता. मला दोन पौंडांचाही चालेल. लॅनियरवर स्पॉटेड बास आणि स्ट्रायपर (पट्टेदार बास) जास्त म्हणतात, पण उन्हाळ्यात स्ट्रायपर खोल पाण्यात जातो, आणि माझ्याकडे बोट नाही.

तर किनाऱ्यावरून बास लागतो का? पहाटे की संध्याकाळी? रबरी किडा लावू की जिवंत आमिष? की सरळ रात्री कॅटफिशच्या मागे लागू? आणि हो, कॅटफिशचा तो चिखलट वास हळद-चिंचेने जातो का, खाल्लेल्यांनीच सांगा.