जीआर, परिपत्रक, अधिसूचना, अध्यादेश : कुठे कोणता शब्द?

कोरा कागद :
ग्रामपंचायतीच्या कामांसाठी अर्ज लिहिताना सरकारी कागदांचे संदर्भ द्यावे लागतात. कुणाच्या माथ्यावर 'शासन निर्णय' (म्हणजेच जीआर) असतं, कुणाच्या 'परिपत्रक', कुठे 'अधिसूचना', कुठे 'शुद्धिपत्रक'. वर्तमानपत्रं मात्र सरसकट 'अध्यादेश निघाला' म्हणतात. नेमका फरक काय? 'जारी', 'निर्गमित', 'पारित' हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि संदर्भ कसा लिहावा, म्हणजे कारकून अर्ज परत करणार नाही?

आवक-जावक :
आधी अध्यादेश बाजूला काढू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. अध्यादेश हा कायदाच असतो. विधानमंडळाची दोन्ही सभागृहं एकाच वेळी चालू नसताना, संविधानाच्या अनुच्छेद २१३ खाली राज्यपाल तो काढतात. अधिवेशन पुन्हा भरल्यापासून ६ आठवड्यांत त्याची जागा घेणारा कायदा झाला नाही तर तो संपतो. वर्षाकाठी निघणारे अध्यादेश मोजकेच असतात. बातमीत ज्याला अध्यादेश म्हणतात तो बहुतेक वेळा साधा जीआर निघतो. मराठा-कुणबी दाखल्यांबाबतचा २६ जानेवारी २०२४ चा 'सगेसोयरे'वाला कागद आठवा. त्यालाही अध्यादेश म्हणून झालं. प्रत्यक्षात ती अधिसूचना होती, आणि तीसुद्धा मसुदा. हरकतींसाठी १६ फेब्रुवारीपर्यंत मुदत दिलेली होती. मसुद्यावर हरकत घेता येते, हक्क सांगता येत नाही.

अधिसूचना म्हणजे कायद्यानं दिलेला अधिकार वापरून राजपत्रात छापलेला कागद : नियम करणं, एखादं कलम लागू करणं, क्षेत्र घोषित करणं. सुरुवातीलाच 'कलम अमुक अन्वये प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून' असं वाक्य सापडेल. शासन निर्णय हा धोरणाचा किंवा मंजुरीचा कागद, शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. नियमात जिथे काही सांगितलेलं नाही तिथली उणीव जीआर भरून काढू शकतो. नियमाच्या विरुद्ध गेला तर न्यायालयात टिकत नाही. परिपत्रकानं एरवी नवं काही मिळत नाही, असलेल्या गोष्टीची आठवण किंवा कार्यपद्धती सांगितली जाते. ज्ञापन (मेमो) शक्यतो खात्यातल्या माणसाला मिळतं, आणि मिळालं की आनंदाचं कारण क्वचितच असतं.

क्रियापदं अदलाबदलीनं वापरू नका. अध्यादेश *प्रख्यापित* होतो, अधिसूचना *प्रसिद्ध* होते, शासन निर्णय आणि परिपत्रक *निर्गमित* होतात, नोटीस नि समन्स *बजावतात*. *पारित* हा शब्द सुनावणी घेऊन दिलेल्या आदेशासाठी राखून ठेवा, म्हणजे तहसीलदार, प्रांत, न्यायालय यांच्यासाठी. 'जारी' अरबी-फारसीतून आलाय. चुकीचा नाही, पण कशालाही चिकटतो म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

नस्ती बंद :
संदर्भ लिहिण्याबद्दल. विभागाचं नाव, कागदाचा प्रकार, पूर्ण क्रमांक आणि दिनांक, चारही हवेत. नुसतं 'प्र.क्र. ४५' लिहून भागत नाही, प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक, प्रत्येक विभागात पंचेचाळिसावं प्रकरण असतंच. दुसरी चूक वर्षाची. 'संकीर्ण-२०१८/प्र.क्र.४५' यातलं २०१८ हे नस्ती (फाइल) उघडल्याचं वर्ष. जीआर २०२० मध्येही निघालेला असू शकतो, म्हणून 'दिनांक' स्वतंत्र लिहायचा. शासनाच्या संकेतस्थळावरच्या जीआरच्या शेवटी १८ आकडी संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तोही टाका. कागद खरा की व्हॉट्सॲपवरचा, हे त्यावरून दोन मिनिटांत तपासता येतं.

जीआर अजून जिवंत आहे का, हेही बघा. नव्या जीआरमध्ये जुना 'अधिक्रमित' केला असेल तर जुना गेला, त्याच्या जागी नवा. 'अंशतः बदल करून' असेल तर जुना चालूच आहे आणि दोन्ही प्रती जोडाव्या लागतात. अर्ज परत येण्याचं हे हमखास कारण. 'स्थगित' म्हणजे थांबवलेला, रद्द नव्हे. शुद्धिपत्रक मूळ कागदातली चूक दुरुस्त करतं, पूरकपत्र भर घालतं. दोन्ही मूळ कागदाशिवाय वाचायची नाहीत. कुठला जीआर कशावर उभा आहे हे वरच्या 'वाचा' या भागात दिलेलं असतं. लोक तो भाग ओलांडून थेट खाली जातात.

दरखास्त :
वर 'पारित' आलं म्हणून न्यायालयाच्या बाजूचं सांगतो. दिवाणी दाव्यात न्यायाधीश कारणांसह देतात तो न्यायनिर्णय, त्यावरून तयार होतो तो हुकूमनामा, आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायची ती दरखास्त. साधारणपणे १२ वर्षांची मुदत असते. 'मनाई हुकूम' मात्र दरवेळी हुकूमनामा नसतो. दावा चालू असताना मिळाला तर तो आदेशच. 'हुकूम' हा जुना फारसी-अरबी शब्द इथे पक्का रुतून बसलाय, आणि बरंच झालं, कारण 'आदेश'वर आधीच फार ओझं आहे.

महसुलात 'पत्र' आलंय की 'आदेश', हे पाहूनच अपिलाचं ठरवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर ६० दिवस, अन्यथा ९० दिवस. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला काळ त्यातून वजा होतो, म्हणून नकलेच्या अर्जाची पोच जपून ठेवा.

कोरा कागद :
हे कामाचं आहे. एकच राहिलं : 'निर्देश दिले' की 'निदेश दिले'? आणि जमावबंदी, संचारबंदी एकच का?

आवक-जावक :
कायद्याच्या मराठीत निदेश म्हणजे असं करा म्हणून सांगणं, निर्देश म्हणजे उल्लेख. बातम्यांत दोन्हीसाठी निर्देशच चालतं, पण अर्जात कलम उद्धृत करताना मूळ शब्द बदलू नका.

जमावबंदीत पाच किंवा अधिक जणांनी जमायला मनाई असते, संचारबंदीत घराबाहेर पडायलाच. पूर्वी त्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. आदेश एरवी दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, राज्य शासन आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. लोकांच्या तोंडी अजून '१४४ लागलं'च आहे, लेखी मात्र १६३ लिहा.