ओट्यावरच्या कपाटाचा पल्ला थंडीत खाली येतो. खालचे दोन पल्लेही ऐकत नाहीत

प्रश्न (मनीषनगर, नागपूर)

आमच्या स्वयंपाकघरातील कपाटे चार वर्षांपूर्वी करून घेतली असून तीन पल्ल्यांविषयी सल्ला हवा आहे. गॅसच्या शेजारचा, वर उघडणारा पल्ला उन्हाळ्यात व्यवस्थित उभा राहतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र सकाळी डबा काढता काढता हळूहळू खाली येतो आणि त्यातही उजवा कोपरा आधी झुकतो. मागच्या आठवड्यात तो सासूबाईंच्या कपाळाला लागला. ओट्याखालचा एक पल्ला अर्धा उघडून सोडला की आपोआप बंद होतो, तर कोपऱ्यातल्या पल्ल्याची मूठ थेट फ्रिजवर आपटते. मिस्त्री म्हणतात, सगळ्या बिजागऱ्या बदला. ते खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर १ (लाकूडकाम करणारा, लकडगंज)

ताई, सगळ्या बिजागऱ्या बदलण्याचे कारण मला दिसत नाही, कारण आपली तीनही दुखणी वेगवेगळी आहेत. वरच्या पल्ल्याला उघडा धरून ठेवणारा जो पंप असतो त्याला बाजारात आपण हायड्रोलिक म्हणतो, पण आत दाबलेला नायट्रोजन वायू असतो आणि तेल नावापुरते. थंडीत वायूचा दाब उतरतो. पंपावर छापलेला जोर साधारणपणे २० अंश तापमानाचा असतो. त्या हिशेबाने ८० न्यूटनचा (न्यूटन म्हणजे जोर मोजण्याचे एकक) पंप आपल्याकडच्या १० अंशांच्या पहाटे सुमारे ७७ न्यूटनच जोर देतो आणि मे महिन्यात ४५ अंशांना तोच ८७ च्या आसपास जातो. ज्या पंपाची निवड पल्ल्याच्या वजनाला जेमतेम पुरेल अशी झाली आहे, तो हिवाळ्यात हार मानणारच. पल्ला बंद असताना दांडी खाली आणि नळकांडे वर आहे ना, तेही पाहावे. उलटे बसवल्यास सीलला तेल मिळत नाही आणि वायू लवकर झिरपतो. दोन्ही पंपांवरचे आकडे मात्र आधी वाचावेत.

उत्तर २ (निवृत्त अभियंता, त्रिमूर्तीनगर)

अर्ध्यावरून आपोआप बंद होणाऱ्या पल्ल्याबाबत सांगतो. कपाच्या बिजागरीतील (पल्ल्यातल्या गोल खाचेत वाटी बसते ती) स्प्रिंग पल्ला शेवटच्या काही अंशांतच आत ओढते. त्याच्या बराच आधीपासून तो सरकत असेल तर दोष बहुधा बिजागरीचा नसून कपाट ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभे, नसल्याचा असतो. कपाटाचा वरचा भाग भिंतीकडे किंचित कलला असेल, तर पल्ला उतारावरच्या चाकासारखा आत येतो. कपाटाच्या बाजूच्या फळीच्या पुढच्या कडेवर पाणसळ (बुडबुड्याची पट्टी) उभी धरून तपासा. फरक थोडा असेल, तर वरच्या बिजागरीचा मागचा स्क्रू सैल करून तेवढी बिजागरी एखाद-दीड मिलिमीटर पुढे सरकवून पुन्हा आवळावी. फरक जास्त असल्यास खालचे पाय वर-खाली करावे लागतात, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कडाप्प्याच्या उभ्या फरश्यांवर नुसती चौकट ठोकलेली असते. तिथे चौकटीमागे पाचर मारण्यावाचून इलाज नाही.

फ्रिजवर आपटणाऱ्या पल्ल्यासाठी बिजागरीच्या दांड्यात बसणारी प्लॅस्टिकची क्लिप मिळते. ती ११० अंशांचे उघडणे ८६ अंशांच्या आसपास थांबवते. ती त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या बिजागरीलाच बसते, म्हणून इतवारी बाजारात जाताना जुनी बिजागरी खिशात घेऊन जावे. फोटो दाखवून आणलेली क्लिप मी दोनदा परत केली आहे.

उत्तर ३ (धरमपेठ)

पल्ला थांबवायला साखळी लावू नका, असे अनुभवाने सांगते. आमच्याकडे वर्षभरात तिचे स्क्रू प्लायवूडमधून उपटून आले आणि भोकांत माचिसच्या काड्या व फेव्हिकॉल भरून ते पुन्हा बसवावे लागले.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. आज पाटावर उभी राहून पंप पाहिले. दांड्या दोन्ही बाजूंना खालीच आहेत. मात्र डाव्या पंपावर ८० आणि उजव्यावर ६० छापलेले आहे. चार वर्षे पल्ला उजवीकडून का झुकत होता, हे आता कळले. दोन्ही बाजूंना ८० चे पंप बसवून ते एका थंड सकाळी तपासेन आणि तरीही पल्ला उतरला तर १०० चे घेईन. ओट्याखालच्या पल्ल्यासाठी शेजारच्या काकांकडून पाणसळ मागितली आहे.