जाड्या पण भारी ऑफेन्सिव्ह लाईनमनला पहिल्या राउंडमध्ये घ्यावं का?

जर्सीचा_जनार्दन

ड्राफ्टचे (NFL म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या टीम कॉलेजची पोरं सात राउंडमध्ये निवडतात ते) दिवस आले की आम्हा न्यूयॉर्क जेट्सवाल्यांच्या पोटात गोळा येतो. दरवर्षी कुठलातरी साडेतीनशे पौंडाच्या वरचा पोरगा इंडियानापोलिसच्या कम्बाईनमध्ये (ड्राफ्टआधीची शारीरिक चाचणी) तुरुतुरु धावून दाखवतो आणि स्काऊट मंडळी लाळ गाळायला लागतात.

नुसत्या क्रिकेटवाल्यांसाठी दोन ओळी: अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह लाईन म्हणजे क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणारा) पुढे उभे राहणारे पाच धिप्पाड गडी: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. सेंटर सोडला तर बॉलला हात लावायचा प्रश्नच नाही, समोरच्याला आत येऊ द्यायचं नाही हे एवढंच काम. हल्ली ३१०-३१५ पौंड म्हणजे १४०-१४२ किलो हे यांचं नॉर्मल वजन, त्यामुळे कोणी 'सगळेच जाडे असतात की' म्हणून येऊ नका. मी बोलतोय ते त्याच्याही वरच्यांबद्दल, ज्यांचा ड्राफ्टच्या आधीच बोभाटा झालेला असतो की बाबा याला वजन आवरत नाही.

आमचं दुखणं म्हणजे मेखाय बेक्टन. २०२० चा ड्राफ्ट, ११ वा नंबर. सहा फूट सात इंच, ३६४ पौंड म्हणजे १६५ किलो, आणि ४० यार्ड ५.१० सेकंदात! टीव्हीवर बघून मी पण उड्या मारल्या होत्या. पुढच्याच वर्षी पहिल्या मॅचला गुडघा गेला, सीझन खलास. २०२२ ला सीझनआधीच्या सराव कॅम्पमध्ये परत गुडघा, परत अख्खा सीझन खलास. आणि त्याच ड्राफ्टमध्ये दोन नंबर खाली, १३ ला, टँपाने ट्रिस्टन विर्फ्स उचलला, ३२० पौंडाचा, त्याने पहिल्याच वर्षी सुपर बोल (लीगची फायनल) जिंकला.

माझं म्हणणं साधं आहे, टॅलेंट असेल तर चौथ्या-पाचव्या राउंडला घ्या ना, कोण नाही म्हणतंय. पहिल्या राउंडचा पैसा जवळपास सगळा गॅरंटीड असतो, तो कशाला अडकवायचा?

फिलीची_मावशी

अरे जनार्दना, अर्धीच गोष्ट सांगतोयस! तुमच्या त्याच बेक्टनला २०२४ मध्ये आम्ही ईगल्सने एका वर्षाच्या करारावर घेतलं, टॅकलचा राइट गार्ड केला, आणि फेब्रुवारी २०२५ ला सुपर बोलमध्ये चीफ्सना ४०-२२ असं धुतलं तेव्हा तो स्टार्टर होता. त्याच सीझनला आमचा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) सेकॉन बार्कली २००५ यार्ड धावला, ते काय वाऱ्यावर धावला का? पोरगा तोच, गुडघेही तेच. फरक एवढाच की आमच्याकडे लाईनचा कोच जेफ स्टाउटलंड होता आणि तुमच्याकडे बोंब होती.

जॉर्डन मायलाटा विसरलास का, साडेतीनशे पौंडाच्या आसपासचा ऑस्ट्रेलियन रग्बीवाला, त्याआधी आयुष्यात फुटबॉलची एक मॅच खेळलेला नाही, २०१८ ला सातव्या राउंडमध्ये २३३ वा घेतला आणि आज लीगमधल्या चांगल्या लेफ्ट टॅकलमध्ये नाव आहे त्याचं.

जर्सीचा_जनार्दन

मावशी, सातव्या राउंडला घेतला म्हणता ना? मग माझंच म्हणणं झालं की ते. आणि बेक्टन तुम्हाला एका वर्षाच्या करारात मिळाला. ११ वा नंबर आम्ही घालवला, वर्षानुवर्षं पगार आम्ही दिला, सुपर बोल जिंकल्याची अंगठी तुमच्याकडे. 😡

थर्ड_अँड_लाँग

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो.

दोघंही वजनाच्या आकड्यावर भांडताय पण तो कुठे उभा राहून खेळतो ते कोणी बघतच नाहीये. लेफ्ट टॅकल हा शेवटचा माणूस, त्याच्या बाहेर कोणी नाही. समोरून २६० पौंडाचा एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चाल करणारा) सुसाट येणार, याला मागे मागे सरकत, गुडघ्यात वाकून, कंबर न मोडता त्याला बाहेरून फिरवत न्यायचाय, आणि हे मॅचमध्ये तीस-चाळीस वेळा. पोट सुटलं की माणूस गुडघ्यात वाकायच्या ऐवजी कमरेत वाकायला लागतो, डोकं पुढे जातं, आणि रशरने नुसता हात खाली खेचला तरी हा तोंडावर. चौथ्या क्वार्टरला बघा कधी, दोन प्लेच्या मधे ज्याचे हात कमरेवर आणि मान खाली, डिफेन्सवाले पुढचा ब्लिट्झ (जादा माणसं घेऊन केलेला हल्ला) त्याच्याच अंगावर सोडतात.

गार्डला तो त्रास कमी, एका बाजूला सेंटर, दुसऱ्या बाजूला टॅकल, विरार लोकलमध्ये मधे अडकलेल्या माणसासारखं, पडायला जागाच नाही. तिथे वजन उलट कामाला येतं. बेक्टन गार्डला चालला यात जादूटोणा काही नाही. बाल्टिमोरचा डॅनियल फालेले बघा, कम्बाईनला ३८४ पौंड म्हणजे १७४ किलो भरला होता, २०२२ ला चौथ्या राउंडमध्ये गेला, आणि २०२४ ला गार्ड केल्यावरच पूर्ण सीझनचा स्टार्टर झाला.

त्यामुळे माझं मत: पहिल्या राउंडला घ्या, पण गार्ड म्हणून खेळवायची तयारी ठेवून. टॅकलच्या भावात गार्ड घेतला म्हणून लोक शिव्या देतील, देऊ देत.

कोथरूडचा_क्यूबी

मी पहाटे उठून बघणारा, त्यामुळे तुमच्याइतकं कळत नाही, पण हे सगळं सरफराजच्या वेळी ऐकलंय राव. रणजीत मुंबईकडून धावांचा रतीब घालत होता आणि आपण त्याचं पोट मोजत होतो. तेव्हा गावसकर म्हणालेच होते की सडपातळच पोरं हवी असतील तर फॅशन शोला जाऊन मॉडेल आणा. मग संधी मिळाली आणि बंगळुरूला न्यूझीलंडसमोर १५० मारले. वजन नंतर उतरवलंच की त्याने. आधी खेळ बघा ना.

थर्ड_अँड_लाँग

@कोथरूडचा_क्यूबी भाऊ, सरफराजच्या अंगावर कोणी १२० किलोचा माणूस धावून येत नाही. फलंदाजाचं वजन आणि लाईनमनचं वजन या वेगळ्या गोष्टी. इथे वजन हे हत्यार पण आहे आणि ओझं पण, म्हणून तर वाद.

बाल्टिमोरचा_बाब्या

क्यूबीचं उदाहरण चुकलं असेल पण मुद्दा बरोबर आहे. ऑर्लँडो ब्राऊन ज्युनियर आठवतोय? २०१८ ची कम्बाईन, ४० यार्डला ५.८५ सेकंद, बेंच प्रेस फक्त १४ वेळा. ट्विटरवर लोकांनी त्याची पार अब्रू काढली. पहिल्या राउंडचा म्हणत होते तो घसरत घसरत ८३ नंबरला आमच्या रेव्हन्सना मिळाला. पुढे प्रो बोल (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा मान), चीफ्सकडे जाऊन सुपर बोल, सगळं झालं. आता मला सांगा, लाईनमन मॅचमध्ये ४० यार्ड सरळ धावतो कधी? इंटरसेप्शन (समोरच्याने पास पकडला) झाल्यावर पाठलाग करताना, आणि तेव्हा तसंही कोणी पकडत नाही. कॉलेजच्या मॅचचा व्हिडिओ लावा, त्यात तो कोणाला आत येऊ देत नव्हता, विषय संपला.

जर्सीचा_जनार्दन

परत तेच, तिसऱ्या राउंडला मिळाला. तुम्ही सगळे उशिरा घेतलेलीच उदाहरणं का देताय? पहिल्या राउंडवाली मी देतो. १९९९, डेट्रॉइट, २७ वा नंबर, एरन गिब्सन, चारशे पौंडाच्या वरचा, लीगमध्ये प्रत्यक्ष मॅच खेळलेला सगळ्यात जड माणूस, काही वर्षांत गाशा गुंडाळला. २००२, बफेलो, चक्क चौथा नंबर, माइक विल्यम्स. चार वर्षांत बिल्सनी सोडून दिला, आणि मग काही वर्षांनी शंभरच्या वर पौंड उतरवून वॉशिंग्टनकडे परत आला. म्हणजे उतरवता येत होतं! मग पैसे मिळत होते तेव्हा का नाही उतरवलं?

फिलीची_मावशी

त्याच २००२ ला सातव्या नंबरवर ब्रायंट मॅकिनी गेला व्हायकिंग्जकडे, तो पण पहिल्या राउंडचाच हो. वर्षानुवर्षं लेफ्ट टॅकल खेळला. २०११ ला कॅम्पला भलताच सुटलेला आला म्हणून काढून टाकला, तर बाल्टिमोरने घेतला आणि २०१२ च्या सीझनला सुपर बोल जिंकला, प्लेऑफमध्ये लेफ्ट टॅकलला तोच होता. बाब्याला विचार.

बाल्टिमोरचा_बाब्या

+१ मावशी. आणि तेव्हाही तो काही शिडशिडीत नव्हता 😄

शवासन

मी खेळाडूंचीच फिजिओ आहे, अमेरिकेत कॉलेज लेव्हलला. इतका वेळ गंमत बघत होते पण इथे सगळे टीमचे पैसे मोजताय, त्या पोराचं कोणी बोलायला तयार नाही.

कोरी स्ट्रिंगर. व्हायकिंग्जचा टॅकल, १९९५ चा पहिल्या राउंडचा, ३३५ पौंडाच्या आसपास. २००१ च्या जुलैअखेर मँकेटोच्या उन्हात कॅम्प, हीटस्ट्रोक, १ ऑगस्टला गेला. २७ वर्षांचा होता. मोठ्या अंगात उष्णता जास्त तयार होते आणि बाहेर पडायला त्या मानाने कातडी कमी पडते, वर पॅड आणि हेल्मेट. त्याच्या नावाची संस्था आता कनेक्टिकट युनिव्हर्सिटीत आहे, बर्फाच्या पाण्याचा टब मैदानावरच हवा, आधी तिथे थंड करा आणि मग हॉस्पिटलला न्या, हे त्यांनी अक्षरशः लोकांच्या गळी उतरवलंय. आणि वर ज्या ब्राऊन ज्युनियरचं कौतुक चाललंय त्याचे वडील पण याच लीगमधले टॅकल, तितकेच थोराड, ४० व्या वर्षी मधुमेहाच्या गुंतागुंतीने गेले.

माझ्याकडे येणारी पोरं १८-१९ वर्षांची असतात. कोच सांगतो ३० पौंड वाढव, मग पोरगं रात्री अकराला पीनट बटर सँडविच कोंबतंय, भूक नसताना. आणि तोच पोरगा तीन वर्षांनी ड्राफ्टला आला की तुम्ही म्हणणार बघा याला तोंडावर ताबा नाही. कोणी वाढवायला लावलं?

जर्सीचा_जनार्दन

ताई, हे बरोबर आहे तुमचं, पण मग तुम्ही माझ्याच बाजूने झालात ना? पहिल्या राउंडला अशांना घेणं बंद झालं तर कॉलेजवाले पण फुगवणं बंद करतील.

शवासन

अजिबात नाही. तुम्ही सातव्या राउंडला घेणार म्हणजे थोडक्या पैशात घेणार, गुडघे मात्र तेवढेच झिजणार. पहिल्या राउंडवाल्याला टीम निदान डाएटिशियन आणि स्वयंपाकी देते, त्याच्यात पैसा अडकलेला असतो म्हणून काळजी घेते. सातव्या राउंडवाला कॅम्पला जड आला की सरळ डच्चू. २०२५ ला टँपाने तो डेझमंड वॉटसन आणला होता, डिफेन्सवाला, ४६४ पौंडाचा, ड्राफ्टच झाला नव्हता. वजनापायी सरावालाच उतरवला नाही आणि सीझन सुरू व्हायच्या आत सोडून दिला. माझं मत विचाराल तर लवकर घ्या, पण करारात वजनाचा बोनस टाका आणि आकडा कोचने नाही, डॉक्टरने ठरवायचा.

थर्ड_अँड_लाँग

वजनाचा बोनस सिॲटलने एडी लेसीला दिला होता २०१७ ला, दर महिन्याला काट्यावर उभा राहा आणि ५५ हजार डॉलर घ्या. रनिंग बॅक होता तो. पैसे बऱ्यापैकी कमावले त्याने, पण बॉल घेऊन फारसा धावला मात्र नाही. काटा जिंकला, मॅच हरली 😂

त्यापेक्षा चार वर्षांचं वजन बघा. पोरगा पहिल्यापासून ३५० ला स्थिर असेल तर ते त्याचं अंग आहे, मी डोळे झाकून घेईन. ३२०, ३५५, ३३०, ३७० असं झोके घेत असेल तर सातव्यातही नको.

कोथरूडचा_क्यूबी

हे पटलं. म्हणजे बेक्टन कशात बसतो मग?

फिलीची_मावशी

सुपर बोलच्या अंगठीत बसतो.

जर्सीचा_जनार्दन

मावशी 🙏 या वर्षी तरी आमच्या धाग्यावर मीठ चोळू नका. मी सगळ्यांना एकच विचारतो, आडवळणं नको, २०२० च्या त्या रात्री ११ नंबरला बेक्टन की विर्फ्स?

बाल्टिमोरचा_बाब्या

विर्फ्स.

थर्ड_अँड_लाँग

विर्फ्स, पण बेक्टनच्या वजनामुळे नाही, विर्फ्सच्या पायांमुळे.

शवासन

विर्फ्स.

फिलीची_मावशी

बेक्टन. नाहीतर आम्हाला कोणी दिला असता?