जॅकी कूगनची कमाई नेमकी कोणाची होती?

अरुंधती

चॅप्लिनच्या 'द किड'मध्ये दगड मारून खिडक्यांच्या काचा फोडणारा पोरगा आठवतो ना? तो फोडून पळायचा आणि मागून चार्ली पाठीवर काचा घेऊन बसवायला हजर. तो जॅकी कूगन. जन्म २६ ऑक्टोबर १९१४, लॉस एंजेलिस. सिनेमा १९२१ साली लागला आणि सहाव्या वर्षी या मुलाला जग ओळखू लागलं. पुढच्याच वर्षी 'ऑलिव्हर ट्विस्ट'. त्याच्या नावाने बाहुल्या, शिट्ट्या, वह्या, इतकंच काय पीनट बटरसुद्धा विकलं जायचं. लहानपणीची त्याची एकूण कमाई तीस ते चाळीस लाख डॉलर असावी असा अंदाज आहे, आणि हे त्या काळातले डॉलर.

मे १९३५ मध्ये त्याचे वडील मोटार अपघातात गेले. गाडीत पाच जण होते, जॅकी एकटा वाचला. पाच महिन्यांनी तो एकवीस वर्षांचा झाला. पुढे आईने घरचे आर्थिक व्यवहार बघणाऱ्या आर्थर बर्नस्टीनशी लग्न केलं. जॅकीने आपले पैसे मागितले तेव्हा कळलं, 'आपले' असं काही नाहीच. १९३८ मध्ये त्याने आई आणि सावत्र वडिलांवर खटला भरला. शिल्लक होते अडीच लाख, आणि कोर्टाचा खर्च जाऊन त्याच्या हातात आले १,२६,००० डॉलर. बाकीचे फरचे कोट, हिरे आणि महागड्या गाड्यांमध्ये गेले होते.

आईचं म्हणणं होतं की त्याला काही देण्याचं वचन कधीच दिलं नव्हतं, आणि कॅमेऱ्यासमोर आपण खेळतोय असंच त्याला वाटायचं. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचा, की कायद्याने ती बरोबर होती. अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाची कमाई आईवडिलांची, असाच तेव्हा कॅलिफोर्नियात नियम होता. या प्रकरणावरून लोक खवळले म्हणून १९३९ साली कायदा झाला, त्याला आजही कूगन कायदा म्हणतात. २००० सालापासून त्याचं सुधारित रूप लागू आहे. कमाई मुलाचीच मालमत्ता धरली जाते आणि एकूण मेहनतान्यातले १५ टक्के अठरा वर्षांपर्यंत बंद खात्यात राहतात.

पंधराच का? कमाई मुलाची आहे हे एकदा मान्य केलं, तर कर आणि कामाचा खरा खर्च सोडून बाकी सगळं त्याच्या खात्यात बंद झालं पाहिजे. पालकांनी लागेल तसा खर्च दाखवून मागावा.

श्रीरंग पु.

अरुंधतीताई, वाचताना वाईट वाटतं हे खरं, पण एका लबाड सावत्र बापावरून सगळ्या पालकांसाठी नियम ठरवू नका.

पाच वर्षांचं मूल स्वतःहून स्टुडिओत जात नाही. जॅकीचे वडील स्वतः रंगमंचावर नाचणारे कलावंत. चॅप्लिनने मुलाला पाहिलं ते त्यांच्याच कार्यक्रमात. त्याला तयार त्यांनी केलं, करार त्यांनी केले, दौऱ्यांवर सोबत ते गेले, 'द किड'मध्ये छोट्या भूमिकाही केल्या. स्वतःची वाट सोडून ते मुलाच्या मागे उभे राहिले. या श्रमांची किंमत शून्य?

आजचंही तेच. कॅलिफोर्नियात सोळा वर्षांखालच्या मुलासोबत सेटवर आईवडिलांपैकी कोणी तरी किंवा पालक हजर असावाच लागतो. म्हणजे घरातल्या एकाची नोकरी गेलीच म्हणून समजा. एजंटचे साधारण दहा टक्के, मॅनेजर असेल तर त्याचे वेगळे, शिवाय कर. पंधरा टक्के एकूण रकमेतून जातात, निव्वळ उरलेल्यातून नाही, हेही लक्षात घ्या. 'बाकीचे ८५ टक्के पालक खातात' असा तुमच्या लिहिण्याचा सूर आहे, तो मला मान्य नाही.

आणि 'खर्च दाखवून मागा' म्हणजे काय? भावंडाच्या फीसाठी आईने कोर्टात अर्ज करायचा? कुटुंब म्हणजे कंपनी नव्हे हो.

अरुंधती

भावंडाची फी सहा वर्षांच्या मुलाच्या कमाईतून भरावी लागत असेल तर त्या घराचा कर्ता तो मुलगाच झाला. मग कर्त्याला जो मान मिळतो तो त्याला का नाही? जॅकीला खर्चायला मिळत होते आठवड्याचे सव्वासहा डॉलर.

वडिलांच्या श्रमांची किंमत द्या ना. पण ती किती हे कोणी तरी तिसऱ्याने ठरवावं. आपलीच मजुरी आपणच ठरवायची आणि दुसऱ्याच्या खिशातून काढून घ्यायची, हे आणखी कुठल्या व्यवहारात चालतं?

मुक्ता दे.

एक गोष्ट इथे कोणीच बोललं नाही. ही कथा सांगताना वडील नेहमी सज्जन असतात आणि आई खलनायिका. वडिलांच्या मनात मुलासाठी पैसे राखून ठेवायचं होतं, असा जॅकीचा विश्वास होता. असेलही तसं. पण 'द किड'पासून अपघातापर्यंत चौदा वर्षं गेली. त्या चौदा वर्षांत, एकविसाव्या वर्षी मुलाच्या हातात ठेवता येईल असा एकही पक्का कागद का झाला नाही? कागद असता तर खटल्याची वेळच आली नसती.

जॅकीच्या आईची, लिलियन कूगनची, मी बाजू घेत नाही. पोटच्या मुलाला ती जे बोलली ते मला वाचवत नाही. पण मुलाची कमाई आपली, हा समज तिने एकटीने आणलेला नव्हता. नवऱ्याच्या हयातीतही घर त्याच समजावर चालत होतं. वडील 'चांगले' होते म्हणून तेव्हा प्रश्न पडला नाही. मुलाचं भविष्य बापाच्या चांगुलपणावर टांगून ठेवणं हीच मूळची चूक. श्रीरंगराव, तुम्ही आजही तेच करायला सांगताय.

गजानन_७१

तुम्ही सगळे पैशांत अडकलात. मला मुळात पाच वर्षांच्या मुलाने नोकरी करणंच पटत नाही, मग खात्यात पंधरा टक्के पडोत की शंभर.

'द किड'मधला तो प्रसंग घ्या, अनाथाश्रमाची माणसं पोराला गाडीत घालून नेतात आणि तो हात पसरून रडतो. सिनेमाच्या इतिहासातल्या सर्वांत हलवून टाकणाऱ्या प्रसंगांपैकी एक. तो कसा घेतला हे चॅप्लिनने आत्मचरित्रात (१९६४) लिहून ठेवलंय. पोरगा मजेत होता, काही केल्या रडेना. तेव्हा वडील म्हणाले, मी रडवतो. त्यांनी मुलाला धमकी दिली की रडला नाहीस तर तुला खरोखरच अनाथाश्रमात पाठवतील. पोरगा ओक्साबोक्शी रडला आणि कॅमेरा चालू झाला.

आपण शंभर वर्षं ज्या अभिनयाचं कौतुक करतोय ती एका लहान मुलाची खरी भीती होती. ती कुठल्या खात्यात जमा करणार?

शलाका

गजाननजी, चॅप्लिनचा तो प्रसंग तुम्ही अर्ध्यावर सोडलात. पुढे त्यानेच लिहिलंय की शॉट झाल्यावर त्याने पोराला उचलून घेतलं, समजावलं की तुला कुणी नेणार नाही. तेव्हा पोरगा कानात म्हणाला, बाबा थट्टा करत होते हे मला ठाऊक होतं.

याने वडिलांचं वागणं योग्य ठरत नाही. पण पोरगा नुसता घाबरलेला प्राणी नव्हता. त्याला कळत होतं. त्याच्यात नट होता, आणि तो तुम्ही त्याच्याकडून काढून घेताय.

या चर्चेत मला खटकतंय ते हेच. प्रत्येक जण त्याला बिचारा करून ठेवतोय. सत्तरीच्या उंबरठ्यापर्यंत तो जगला, १ मार्च १९८४ ला गेला. त्यातल्या दहा-बारा वर्षांवरच आपण बोलतोय. दहाव्या वर्षी, १९२४ मध्ये, आर्मेनियन आणि ग्रीक अनाथ मुलांच्या मदतीसाठी तो वडिलांबरोबर अमेरिका-युरोपभर फिरला, त्या दौऱ्यातून दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचं अन्न आणि कपडे जमले. दुसऱ्या महायुद्धात तो ग्लायडर वैमानिक होता. मार्च १९४४ मध्ये ब्रिटिश सेनापती विंगेटच्या 'चिंडिट' तुकडीतल्या सैनिकांना ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे, जंगलातल्या मोकळ्या पट्टीवर उतरवणाऱ्या ग्लायडरपैकी एक त्याचा होता. इंजिन नाही, रात्रीचा अंधार, उतरल्यावर परत उडायची सोय नाही. या माणसाची ओळख 'आईने लुटलेला मुलगा' एवढीच?

आणि पन्नाशीत त्याने 'द ॲडम्स फॅमिली'त (१९६४ ते ६६) अंकल फेस्टर उभा केला. टक्कल, स्थूल अंग, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. तो बघणाऱ्या कित्येकांना हाच तो 'द किड'मधला पोरगा हे माहीतही नसेल. त्याने हे काम स्वतःच्या बळावर मिळवलं.

गजानन_७१

शलाकाताई, मोठेपणी तो खंबीर निघाला हे त्याचं कर्तृत्व. लहानपणी जे झालं त्याचं ते समर्थन कसं होईल? आणि 'मला ठाऊक होतं' हे चॅप्लिनने चार दशकांनंतर लिहिलंय. दिग्दर्शकाला तसंच आठवायला बरं वाटणार.

केस घ्या. त्याचा तो कपाळावर आलेला बॉबकट त्याची ओळख होती. १९२७ मध्ये, तेरावं लागायच्या आधी, तो कापायची वेळ आली तर त्याचाही सिनेमा निघाला, 'जॉनी गेट युअर हेअर कट'. पोराचं वाढणंसुद्धा विकायला काढलं. वाढला तसा भाव उतरला, विशीत आल्यावर तर पडद्यावर फारशी जागा उरली नाही. हे सगळं कायद्याच्या चौकटीतच झालं.

शलाका

मग पडद्यावर मुलं दिसूच नयेत का? अनाथ मुलाची गोष्ट सांगायची तर ते मूल कोणी तरी उभं करायला हवं. कॅलिफोर्नियात आज तासांचे कडक नियम आहेत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी चार तास काम, तीन तास अभ्यास, एक तास विश्रांती. अगदी तान्ह्या बाळाला दिवसाला वीस मिनिटांच्या वर कॅमेऱ्यासमोर ठेवता येत नाही. सेटवर शिक्षक असतो आणि मुलाचं भलं बघणं हेही त्याचं काम असतं. मला ही वाट बरोबर वाटते. काम राहू द्या, त्याला कुंपण घाला.

ॲड. विनय

कूगन कायद्याबद्दल वरच्या प्रतिसादांत मोघम लिहिलं गेलंय, म्हणून थोडं सविस्तर.

अज्ञान मुलाने केलेला करार तो मागे घेऊ शकतो, हे जुनं तत्त्व. निर्मात्याला याची धास्ती, कारण अर्ध्या सिनेमात मूल करारातून बाहेर पडलं तर सगळंच बुडालं. त्यावर उपाय म्हणजे करार कोर्टाकडून मंजूर करून घेणे. मग मुलाला तो मोडता येत नाही. १९३९च्या कायद्याने या मंजुरीचा आधार घेतला. कोर्ट करार मंजूर करताना कमाईचा काही भाग, जास्तीत जास्त निम्मा, मुलासाठी बाजूला ठेवायला सांगू शकत होतं.

'शकत होतं' एवढंच. आणि करार कोर्टात नेलाच नाही, तर कायदा लागूच होत नव्हता. छोट्या कामांचे करार कोण कोर्टात नेतो?

२०००च्या सुधारणेत पंधरा टक्क्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ही रक्कम निर्माता परस्पर मुलाच्या न्यासखात्यात भरतो, आणि करार कोर्टात गेला की नाही याने फरक पडत नाही.

श्रीरंग पु.

विनयजी, धन्यवाद, हे नीट कळलं. पण यातून माझाच मुद्दा पुढे येतो. कमाई खात्यात बंद करून ठेवल्याने माणूस सावरतोच असं नाही. अमेरिकन टीव्हीवरचा बालकलाकार गॅरी कोलमनने १९८९ मध्ये आईवडील आणि मॅनेजरवर खटला भरला, १९९३ मध्ये सुमारे १२ लाख ८० हजार डॉलर मिळवले, आणि १९९९ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अठराव्या वर्षी एकदम मोठी रक्कम हातात देणं हासुद्धा धोकाच आहे. अरुंधतीताईंच्या योजनेत तो कितीतरी पट वाढतो.

अरुंधती

तो पैसा उधळेल म्हणून आधीच आपण उधळून टाकायचा? उधळण्याचा हक्कही ज्याने कमावलं त्याचा. एकदम नको तर टप्प्याटप्प्याने द्या, पंचविसाव्या वर्षापर्यंत. ती तरतूद करता येते.

आणि हा प्रश्न आता स्टुडिओपुरता राहिलेला नाही. आईवडील घरातच कॅमेरा लावून मुलांचे व्हिडिओ टाकतात, जाहिरातींचे पैसे त्यांच्या खात्यात. तिथे बाहेरचा निर्माता नाही, शिक्षक नाही, तास मोजणारं कोणी नाही. इलिनॉयने १ जुलै २०२४ पासून अशा मुलांचा वाटा राखून ठेवायचा कायदा लागू केला, कॅलिफोर्नियाने २०२५च्या सुरुवातीपासून. गजाननजींचा मुद्दा इथे मला सर्वांत जास्त पटतो. त्या मुलाची सेटवरून घरी जायची वेळ कधी होते?

श्रीरंग पु.

घरातल्या व्हिडिओंबाबत तुमच्याशी सहमत आहे, तिथे पालकच मालक असतो. पण व्यावसायिक सेटवरच्या मुलांसाठी सरसकट टक्केवारी नकोच. प्रत्येक घराची स्थिती वेगळी. एका घरात बापाची नोकरी गेलेली असते, दुसऱ्यात गडगंज असतं. किती बाजूला ठेवायचं हे न्यायाधीशाने प्रकरण बघून ठरवावं.

ॲड. विनय

श्रीरंगजी, तुम्ही म्हणता तीच १९३९ची तरतूद होती, न्यायाधीशाने प्रकरण बघून ठरवायची. साठ वर्षं ती वापरून झाली. हॉलिवूडची बालतारका शर्ली टेंपलचं उदाहरण याच काळातलं. तिचे वडील जॉर्ज टेंपल बँकेत काम केलेले, हिशेब कळणारे. बाविसाव्या वर्षी तिने आपला हिशेब तपासला तेव्हा सुमारे बत्तीस लाख डॉलरच्या कमाईतले साधारण ४४,००० शिल्लक होते. कोर्टाने बाजूला ठेवायला सांगितलेली रक्कम वडिलांनी खात्यात भरलीच नव्हती. तिने खटला केला नाही. पुढे ती घाना आणि चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली, वडिलांबद्दल कडवटपणे बोलली नाही, तो तिचा मोठेपणा. पण कोर्टाचा आदेश होता आणि पैसे भरायचं काम वडिलांकडे होतं, एवढ्यानेच तो आदेश निष्फळ झाला. टक्के पंधरा असोत की पन्नास, त्यावर आपण वाद घालू. ते पालकांच्या हातातून जाता कामा नयेत, यावर मात्र मी मागे हटणार नाही.